उजवीकडची खुर्ची : बीजिंगचा पाहुणचार कसा चालतो

जून २०२३ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन अमेरिकी पाहुणे शी जिनपिंग यांना भेटले. १६ तारखेला बिल गेट्स आले. शी आणि ते शेजारी शेजारी बसून बोलले. १९ तारखेला परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन आले, तेव्हा मांडणी वेगळी होती. दोन लांब टेबलं समोरासमोर; एका बाजूला ब्लिंकन आणि त्यांचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला चिनी अधिकारी आणि दोहोंच्या मधे, शिरोभागी, एकटे शी. याआधीच्या अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांना, टिलरसन आणि पॉम्पिओ यांना, त्यांनी शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. ब्लिंकन यांची ही भेट होणार की नाही, हेसुद्धा दौऱ्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत जाहीर झालं नव्हतं. महिन्याभराने वयाची शंभरी पूर्ण केलेले माजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर बीजिंगला गेले. त्यांच्याकडे तेव्हा कोणतंही सरकारी पद नव्हतं. त्यांना द्याओयुताय अतिथिगृहाच्या पाच क्रमांकाच्या इमारतीत नेण्यात आलं. १९७१ च्या गुप्त भेटीत ते चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले होते, तीच ही जागा.

चीनमधला सरकारी पाहुणचार समजून घ्यायचा तर या तीन भेटी पुरेशा आहेत. चॉपस्टिक्स कशा धराव्यात, भेटकार्ड कसं द्यावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात आणि त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण परदेशी नेता चॉपस्टिक्स नीट धरू शकला नाही म्हणून कोणताही करार अडल्याचं ऐकिवात नाही. यजमान कोणाला किती मान देतो, कुठे हात आखडता घेतो आणि पाहुण्याला ते कळतं की नाही, इथे खरा खेळ असतो. आपल्याकडच्या लग्नातला मानपान ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला हे समजायला जड जाऊ नये.

दौरा सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याची पायरी ठरते. चिनी परराष्ट्र मंत्रालयाचा राजशिष्टाचार विभाग दौऱ्यांचे प्रकार काटेकोर वेगळे ठेवतो. राष्ट्रप्रमुखाचा राजकीय दौरा (स्टेट व्हिजिट) सगळ्यात वरचा. त्याखाली अधिकृत दौरा, त्याखाली कामकाजाचा दौरा. तोफा, मेजवानी आणि कोणाकोणाच्या भेटी हे सगळं या पायरीवरून ठरतं. राष्ट्रप्रमुखाला २१ तोफांची सलामी, सरकारप्रमुखाला १९. कधी एखाद्यासाठी नेहमीच्या पायऱ्यांच्या वरची एक पायरी तयार केली जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या दौऱ्याला चिनी बाजूने ‘राजकीय दौऱ्याहून अधिक’ असं म्हटलं होतं. त्यांना निषिद्ध नगरीत, म्हणजे जुन्या बादशाही राजवाड्यात नेलं, चहा दिला, ऑपेरा दाखवला आणि रात्रीचं जेवणही तिथेच दिलं.

विमानतळावर मुख्य स्वागत होत नाही. तिथे लाल गालिचा असतो, फुलं देणारं एखादं मूल असतं आणि बहुधा उपमंत्री दर्जाचा कोणी असतो. कोण आलं, हे मात्र सगळे बघतात. एप्रिल २०२३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन जवळपास एकाच वेळी चीनला गेले. मॅक्रॉन यांना घ्यायला परराष्ट्रमंत्री छिन गांग हजर होते. प्रवासी विमानाने आलेल्या फॉन डेर लायन यांना घ्यायला पर्यावरणमंत्री गेले. दौऱ्याच्या थोडं आधी त्यांनी चीनविषयी कडक भाषण केलं होतं, हे ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप कळतं.

पण प्रत्येक गोष्टीत संकेत शोधू नयेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जी-२० परिषदेसाठी ओबामा हांगचौला उतरले, तेव्हा गालिचा अंथरलेला जिना विमानाला लागलाच नाही. ते विमानाच्या पोटातल्या लहान दरवाजाने उतरले. खाली एक चिनी अधिकारी अमेरिकी अधिकाऱ्यांवर ‘हा आमचा देश आहे, हा आमचा विमानतळ आहे’ असं ओरडला. जगभर अपमानाच्या बातम्या झाल्या आणि चिनी बाजूने त्याचं खापर अमेरिकेवर फोडलं. दोन सुरक्षायंत्रणा एकमेकींच्या पायात आल्या की असंही होतं. खुर्चीची मांडणी कोणीतरी आदल्या दिवशी कागदावर काढलेली असते. विमानतळावरच्या गोंधळाचं तसं नसतं.

पाहुणा बहुधा द्याओयुताय अतिथिगृहात उतरतो. शहराच्या पश्चिमेला तळी, झाडं आणि मधून मधून बंगले असा हा परिसर. बाराव्या शतकातला एक बादशहा इथे मासे धरायला येत असे, म्हणतात. आजचं अतिथिगृह १९५९ मध्ये उघडलं. अठरा क्रमांकाची इमारत सगळ्यात मानाची. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन तिथेच होते.

औपचारिक स्वागत होतं ते तिआनानमेन चौकाच्या पश्चिमेला असलेल्या ग्रेट हॉल ऑफ द पीपलच्या पूर्व दरवाजासमोर. पाऊस किंवा कडक थंडी असेल तर आत. क्रम ठरलेला असतो. यजमान आणि पाहुणा एकमेकांच्या अधिकाऱ्यांशी हस्तांदोलन करत जातात, चौथऱ्यावर उभे राहतात, दोन्ही राष्ट्रगीतं वाजतात, तोफा झडतात, मग तिन्ही दलांच्या मानवंदना पथकाची पाहणी होते. फुलं हलवणारी मुलं असतात. लोक टाळ्या वाजवू लागले तर पाहुण्यानेही टाळ्या वाजवाव्यात, अशी तिथली रीत आहे. आपल्या नेत्यांना हात जोडायची किंवा हात हलवायची सवय, त्यामुळे ते सुरुवातीला जरा गोंधळतात. नमस्काराला कोणी नावं ठेवत नाही, पण टाळ्यांना टाळ्यांनी उत्तर दिलं की समोरच्यांना बरं वाटतं.

अभिवादन हस्तांदोलनाने होतं. कमरेत वाकणं जपानचं, चीनचं नव्हे. गळाभेटही तिथल्या नेत्यांच्या सवयीची नाही. नावाचं मात्र लक्षात ठेवावं. चिनी नावात आडनाव आधी येतं. ‘शी’ हे आडनाव, ‘जिनपिंग’ हे नाव, म्हणून ‘श्री. जिनपिंग’ म्हणणं चूक. आडनावानंतर पद जोडतात : वांग मंत्री, ली संचालक. लग्नानंतर बायका स्वतःचं आडनाव बदलत नाहीत. शी यांच्या पत्नी पेंग लियुआन, श्रीमती शी नव्हेत. भेटकार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं आणि न वाचता खिशात टाकायचं नाही.

परदेशी पाहुण्याने किती वाकावं, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १७९३ मध्ये ब्रिटनच्या राजाचा दूत लॉर्ड मॅकार्टनी छ्येनलुंग बादशहाला भेटायला गेला. बादशहासमोर तीन वेळा गुडघे टेकायचे आणि एकूण नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचं, असा दरबारी नियम होता. मॅकार्टनीचं म्हणणं, मी माझ्या राजापुढे टेकतो तसा एक गुडघा टेकीन. बरीच घासाघीस होऊन ते मान्य झालं आणि चेंगदेच्या उन्हाळी राजधानीत भेट झाली. व्यापाराची मागणी मात्र बादशहाने साफ नाकारली. १८१६ मध्ये लॉर्ड ॲमहर्स्ट गेला. रात्रभरच्या प्रवासाने शिणलेल्या ॲमहर्स्टला पोचल्या पोचल्या दरबारात चला म्हणून सांगितलं, त्याने नकार दिला आणि त्याच दिवशी त्याची परत पाठवणी झाली. या दोघांच्या मधे १७९५ मध्ये एक डच शिष्टमंडळही गेलं होतं. त्यांनी सांगितलं तेव्हा, सांगितलं तितक्या वेळा कपाळ टेकलं. व्यापारी सवलत त्यांनाही मिळाली नाही. ‘त्यांच्या चालीरीती पाळल्या की काम होतं’ असं सांगणाऱ्यांना मला या डचांची आठवण करून द्यावीशी वाटते. शेवटी १८७३ मध्ये थुंगची बादशहाने परदेशी वकिलांना कपाळ न टेकवता भेट दिली. पण तोवर चीन दोन अफू युद्धं हरला होता.

विसाव्या शतकात कपाळाची जागा हाताने घेतली. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी चौ एन-लाय यांच्याशी हात मिळवायचं टाळलं, ही गोष्ट चीनमध्ये कोणी विसरलं नव्हतं. निक्सनना ते ठाऊक होतं. २१ फेब्रुवारी १९७२ ला बीजिंगला विमान उतरलं, तेव्हा बाकीच्या मंडळींना आतच अडवून ठेवलं होतं. निक्सन आणि मागे त्यांच्या पत्नी, एवढेच जिन्यावर. शेवटच्या पायऱ्यांवर असतानाच निक्सननी हात पुढे केला. अठरा वर्षांपूर्वीचं देणं त्यांनी कॅमेऱ्यासमोर चुकतं केलं. भारतीयांच्या आठवणीतलं हस्तांदोलन डिसेंबर १९८८ मधलं. राजीव गांधींचा हात चिनी नेते डेंग झियाओपिंग यांनी सुमारे तीन मिनिटं सोडला नाही आणि ‘माझे तरुण मित्र’ म्हणून त्यांचं स्वागत केलं. १९६२ नंतर चीनला जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान होते. उलट बाजूचं उदाहरण नोव्हेंबर २०१४ चं. जपानचे पंतप्रधान आबे बीजिंगमध्ये शी यांना भेटले. हात मिळाले, पण शी यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि मागे दोन देशांचे झेंडेही नव्हते. भेट दिली, पण मर्जी दिली नाही.

चर्चेच्या दालनात दोन मांडण्या असतात. शिष्टाचार-भेटीसाठी खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडतात. मधोमध यजमान आणि त्याच्या उजव्या हाताला पाहुणा. दुभाषे मागे, बाकीचे अधिकारी आपापल्या बाजूला हुद्द्याप्रमाणे. चीनच्या जुन्या परंपरेत बराच काळ डावी बाजू मानाची होती. आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे आता उजवी आहे. प्रत्यक्ष वाटाघाटीसाठी लांब टेबल असतं. पाहुण्यांचं तोंड दरवाजाकडे, यजमानांची पाठ. प्रमुख मधे, दुभाषा त्याच्या उजवीकडे.

बोलण्याचाही क्रम आहे. यजमान आधी बोलतो आणि सुरुवात तत्त्वांपासून होते : संबंधांचा इतिहास, मैत्री, परस्परांचा आदर. मुद्द्याचं नंतर. आपल्या लोकांना इथे घाई होते. ‘कामाचं बोला’ असा भाव चेहऱ्यावर उमटतो. पण ही प्रस्तावना वायफळ नसते. एकदा तत्त्व मान्य केलं की पुढच्या प्रत्येक तपशिलात तेच काढून दाखवतात. शिष्टमंडळातल्या कनिष्ठाने मधे बोलायचं नाही. तोंडावर ‘नाही’ फारसं येत नाही. ‘अभ्यास करू’, ‘अडचणीचं आहे’ असं आलं, तर तो बहुतेक वेळा नकारच समजावा. आणि सर्वोच्च नेत्याच्या भेटीची वेळ आधी हातात मिळेलच असं नाही. निक्सनना माओंचं बोलावणं आलं ते बीजिंगला पोचल्यावर काही तासांत, अचानक.

मग मेजवानी. ग्रेट हॉल १९५८-५९ मध्ये दहा महिन्यांत बांधला. त्यातल्या मेजवानीच्या दालनात पाच हजार माणसं बसू शकतात. एवढ्या थाटात ताटात काय येतं, याची लोकांना भलतीच कल्पना असते. खरं तर चौ एन-लाय यांनी सरकारी मेजवानीला ‘चार पदार्थ आणि एक सूप’ अशी मर्यादा घालून दिली आणि ढोबळमानाने ती आजही चालते. चवीचा पाया ह्वायांग भागाकडच्या स्वयंपाकाचा : मिरची नाही, तेलाचा मारा नाही, नाजूक चिराचिरी आणि सौम्य रस. कुठल्याही देशाच्या पाहुण्याच्या पोटाला तो मानवतो, हे त्यामागचं व्यवहारी कारण. पदार्थ प्रत्येकाला वेगळ्या ताटलीत येतात. चॉपस्टिक्सच्या शेजारी काटे-सुऱ्याही असतात, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटतो.

प्रांतात किंवा खासगी दालनात मात्र गोल टेबल असतं आणि तिथे जुने नियम जागे असतात. दरवाजाकडे तोंड असलेली, दरवाजापासून सगळ्यात लांबची जागा यजमानाची. त्याच्या उजवीकडे मुख्य पाहुणा, डावीकडे दुसरा. बसवल्याशिवाय बसू नये. अख्खा मासा आला तर त्याचं डोकं मुख्य पाहुण्याकडे असतं आणि पहिला घास त्याने घ्यायचा. यजमान स्वतः उचलून तुमच्या ताटलीत काही वाढेल. नको असेल तर तसंच राहू द्यावं, परत करू नये. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. शाकाहारी पाहुण्याने दूतावासामार्फत लेखी आणि सविस्तर कळवावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजी मांसाच्या रश्शात किंवा चरबीत शिजून येऊ शकते. बौद्ध मठांचा स्वयंपाक हवा म्हटलं की चिनी आचाऱ्याला नेमकं समजतं. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतात, त्यामुळे आपल्याकडच्या कडक पथ्यवाल्यांचीही सोय होते.

दारूचा प्रश्न नाजूक आहे. माओताय ही ग्वीचौ प्रांतातली ज्वारीची दारू, ५३ टक्के मद्यार्काची. ती घोट घोट पीत नाहीत. छोट्या पेल्यातून ‘गान्बेई’ म्हणत एका दमात संपवतात. निक्सन यांच्या १९७२ च्या दौऱ्याची तयारी करायला आधी गेलेले अमेरिकी अधिकारी अलेक्झांडर हेग इतके धास्तावले होते, की अध्यक्षांनी पेल्यातली दारू प्रत्यक्ष पिऊ नये असं त्यांनी कळवलं होतं. निक्सननी टेबलाटेबलावर जाऊन पेला ओठाला लावला, लहान घोट घेतले आणि निभावून नेलं. ही युक्ती आजही चालते. पेला दुसऱ्याच्या पेल्याला भिडवताना आपल्याहून ज्येष्ठाच्या पेल्यापेक्षा आपला काठ जरा खाली ठेवायचा. एकट्याने पिऊ नये, कोणाच्या तरी नावाने पेला उचलावा. यजमानाने सगळ्यांना उद्देशून पेला उचलला की पाहुण्याने थोड्या वेळाने परतफेड करायची. पीत नसाल तर पहिल्याच वेळी सांगा, चहा किंवा रस घ्या, पण उभे राहून पेला उचला. दोन पेले पिऊन तिसऱ्याला नाही म्हणणं जास्त खटकतं. बीजिंगच्या सरकारी मेजवान्यांत आता वाइनचाच भर असतो. २०१२ च्या अखेरीस शी यांनी काटकसरीचे आठ नियम घातल्यावर अधिकाऱ्यांची चैनही आटली. व्यापारी बैठकांत माओताय टिकून आहे.

भेटवस्तूंच्या निषिद्ध यादीत पहिलं नाव घड्याळाचं. ‘घड्याळ देणं’ आणि ‘अंत्यसंस्काराला जाणं’ यांचा चिनी उच्चार एकच होतो. २०१५ मध्ये ब्रिटनच्या मंत्री सुसान क्रेमर यांनी तैपेईच्या महापौरांना खिशातलं घड्याळ भेट दिलं. महापौर म्हणाले, मी ते भंगारवाल्याला विकीन. क्रेमरना माफी मागावी लागली. गंमत अशी, की जुन्या बादशहांना युरोपीय घड्याळांचं वेड होतं आणि निषिद्ध नगरीत आज त्यांचं वेगळं दालन आहे. छत्री आणि हिरवी टोपीही टाळतात, पांढरी फुलंही. भेट दोन्ही हातांनी द्यावी. समोरचा ती लगेच उघडून पाहणार नाही, त्यात नाखुशी नसते.

खरी भेट यादी बघून सुचत नाही. २०१८ मध्ये वूहानला नरेंद्र मोदींनी शी यांना चिनी चित्रकार शू बेइहोंग यांच्या चित्रांच्या प्रतिकृती दिल्या. शू यांनी ती शांतिनिकेतनात राहत असताना काढली होती. पाहुण्याने यजमानाच्या चित्रकाराला आपल्या घरातून परत आणलं, यापेक्षा नेमकी भेट सुचणं कठीण. चीनची स्वतःची मोठी भेट म्हणजे पांडा. निक्सनच्या दौऱ्यानंतर दोन पांडा वॉशिंग्टनला गेले, बदल्यात अमेरिकेने कस्तुरी-बैलांची जोडी पाठवली. ऐंशीच्या दशकापासून पांडा भेट देत नाहीत, कराराने उसने देतात. संबंध बिघडले की मुदत वाढवायची की नाही, हे चीनच्या हाती राहतं.

मानाचा आणखी एक दर्जा बीजिंगबाहेर आहे. मे २०१५ मध्ये शी यांनी मोदींचं स्वागत शियानला, म्हणजे आपल्या मूळ शान्शी प्रांतात केलं. तीन वर्षांनी वूहानला सरोवराकाठी चहा झाला. २०२३ मध्ये मॅक्रॉनना ग्वांगचौला नेलं, शी यांचे वडील जिथे राहत असत त्या बागेत बसवलं आणि वाद्यवादन ऐकवलं. टाय काढून ठेवलेला नेता, बाग, चहा हे सगळं जितकं सहज दिसतं तितकं आखलेलं असतं. अनौपचारिकपणा अपमानासाठीही वापरता येतो. १९५८ मध्ये माओंनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना पोहण्याच्या तलावावर बोलावलं आणि पाण्यातच चर्चा सुरू केली. माओ पट्टीचे पोहणारे. ख्रुश्चेव्हना पोहता येत नव्हतं.

या सगळ्यात ‘जुना मित्र’ ही पदवी वेगळी मोलाची आहे. किसिंजरना ती होती. महाराष्ट्राचा तिच्याशी थेट संबंध आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. तेव्हापासून भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबाची भेट घेत आले आहेत. २००६ मध्ये हू जिंताव आणि २०१३ मध्ये ली कछ्यांग यांनी मुंबईत ती रीत पाळली. शिच्याचुआंगच्या हुतात्मा स्मारकात कोटणीस यांचा पुतळा आहे. चीनमध्ये मराठी माणसाने आपली ओळख करून देताना सोलापूरचं नाव घेतलं तर संभाषण सोपं होतं.

पण मान मिळाला म्हणजे मागणी मान्य झाली असं नाही. शिष्टाचाराची पुस्तकं हे सांगत नाहीत. १९८८ च्या तीन मिनिटांच्या हस्तांदोलनानंतर सीमाप्रश्नावर संयुक्त कार्यगट झाला आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला. तिथे पाहुणचारामागे कागद उभा राहिला. वूहानचा चहा २०१८ चा, मामल्लपुरमची मोदी-शी भेट ऑक्टोबर २०१९ ची, आणि १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० भारतीय जवान मारले गेले. म्हणून खुर्ची कुठली मिळाली हे जरूर पाहावं, त्याची परतफेडही नीट करावी आणि वाटाघाटीचा मसुदा खुर्चीकडे न बघता वाचावा. ज्यांना सरकारी, शैक्षणिक किंवा व्यापारी कामासाठी चीनला जायचं आहे, त्यांनी माजी परराष्ट्र सचिव आणि बीजिंगमधले माजी राजदूत विजय गोखले यांचं ‘द लाँग गेम’ हे पुस्तक जाण्याआधी वाचावं. नव्या चीनला मान्यता देण्यापासून दहशतवादी मसूद अझहरच्या प्रकरणापर्यंत सहा वाटाघाटी प्रत्यक्षात कशा झाल्या, ते त्यात आहे.